भवानीचं गिऱ्हाईक

वुओंग बदामाच्या झाडाखाली उभा होता आणि समोरच्या दुकानात अजून कुणीही शिरलं नव्हतं.

सकाळचे सहा वाजून गेले होते. नाम दिन्ह शहरातली डिसेंबरची थंडी हाडांत शिरते, त्यात हे रात्रपाळी करून आलेलं अंग. रस्त्यापलीकडे थोआताईंच्या पातेल्याला उकळी फुटलेली त्याला दिसत होती. भाजलेल्या आल्याचा आणि दालचिनीचा वास तर रस्ता ओलांडून थेट त्याच्या रिकाम्या पोटाशी येऊन थांबला होता. पण आत जायचं नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी जायचं, बसायचं, खायचं, पैसे द्यायचे. मग थोआताई हातातलं ओगराळं पातेल्याच्या काठावर दोनदा ठोकणार. त्याचा अर्थ, भवानी झाली, आता तू ये. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि सतरा वर्षांत दोघांपैकी एकानंही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

वुओंग जिल्हा रुग्णालयाच्या शवघरात कामाला होता. मेलेल्या माणसाला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नातेवाइकांनी आणलेले कपडे चढवायचे आणि त्यांच्या ताब्यात द्यायचं. काम तसं वाईट नव्हतं. मेलेला माणूस पाणी गार आहे म्हणून कुरकुरत नाही, आणि वुओंगला घाई आवडत नसे, तिथं घाई कुणालाच नसते. वाईट होतं ते त्या कामाचं नाव. तरुणपणी दोन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली, दोन्हीकडे मुलगा काय करतो हे कळल्यावर चहा अर्धाच राहिला. तिसऱ्या ठिकाणी तो गेला नाही. आता अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता.

गंमत बघा, वुओंग या नावाचा अर्थ भरभराट. नवीन वर्षाच्या पहाटे घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं यावर अख्ख्या वर्षाचं नशीब ठरतं, म्हणून असल्या नावाच्या माणसाला लोक मुद्दाम आवतण देऊन बोलावतात. गल्लीत दुसरा एक वुओंग होता, रंगारी. त्याला त्या दिवशी सात-आठ घरं फिरावी लागत आणि दुपारपर्यंत तो दारूनं लोळायला लागे. आपला हा वुओंग मात्र नवीन वर्षाचे पहिले तीन दिवस दार लावून घरात बसे. कुणी बस म्हणून सांगितलेलं नव्हतं. पण प्रेतं धुणाऱ्याची छाया जड असते, त्याचा पाय ज्या दुकानात पहिला पडेल तिथं दिवसभर माशा मारायची वेळ येते, हे इथं लहान पोरालासुद्धा माहीत असतं. ते त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. आपण स्वतः तसे होऊ हे तेवढं माहीत नव्हतं.

शेवटी पोस्टातून निवृत्त झालेला म्हातारा सायकल ढकलत आला, बसला, फुंकर मारमारून वाडगा संपवला आणि पैसे ठेवून उठला. ओगराळं दोनदा वाजलं. वुओंग रस्ता ओलांडून आत गेला आणि भांडी घासायच्या टबाशेजारच्या शेवटच्या बुटक्या स्टुलावर बसला. कामावरून निघताना तो विटाळ जावा म्हणून पपनसाची पानं घालून उकळलेल्या पाण्यानं हातपाय धूत असे, तरीही तो तिथंच बसे. थोआताईंनी न विचारता त्याचा वाडगा आणून ठेवला. तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर शिजलेल्या मांसाचे काप, भरपूर पातीचा कांदा, आणि लिंबू नाही.

एरवी त्या लगेच वळत. आज वळल्या नाहीत. समोरचं स्टूल ओढून त्यांनी एक हात टेबलावर टेकला आणि कण्हत खाली बसल्या. गुडघे पार गेले होते त्यांचे. सदुसष्ट वर्षांपैकी चाळीस वर्षं पातेल्याशी उभं राहण्यात गेलेली.

"वुओंग, एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तू खाणं थांबवू नकोस, शेवया फुगतील."

सांगायचं होतं ते असं. हे दुकान आता बंद. बाजाराच्या कोपऱ्यावर मोठी जागा घेतली होती, दोन शटरांची, आत फरशी बसवलेली. दुकान सून लुआ चालवणार. येत्या शनिवारी सकाळी साडेसहाचा मुहूर्त काढला होता. एवढं वुओंगला उडत उडत माहीत होतंच. पुढचं माहीत नव्हतं.

"त्या दिवशी पहिला वाडगा तू खायचास."

वुओंगच्या हातातल्या जेवणाच्या काड्या तोंडापाशी थांबल्या. "ताई, सकाळी सकाळी थट्टा नको."

"थट्टा करायचं वय आहे का माझं?"

त्यानं पातेल्यामागे पाहिलं. लुआ पाठमोरी उभी राहून कांद्याची पात चिरत होती. तिला पाचवा महिना लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकलं नव्हतं, ही गोष्टही सगळ्या गल्लीला ठाऊक होती. त्यानं हळूच विचारलं, लुआला विचारलंत का? थोआताई म्हणाल्या, दुकान तिचं असेल, पातेलं अजून माझं आहे. पण हे बोलताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आता ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पहिल्या वाडग्याचं एवढं काय, असं कुणाला वाटायचं.

तेव्हा थोआताईंचा नवरा किन्ह पातेल्याशी उभा राहत असे. धिप्पाड माणूस, हसला की पोट हलायचं. अशीच थंडी, वर बारीक बुरबुर पाऊस, आणि वुओंग रात्रपाळीहून येताना त्याच्या छपराच्या कडेला क्षणभर टेकला. आत अजून कुणी आलं नव्हतं. किन्हनं हाक मारली, अरे भिजतोस काय, ये आत. वुओंग म्हणाला, दादा, अजून भवानी व्हायचीय तुमची. त्यावर किन्ह हसला. मेलेल्यांना धुतोस, जिवंतांना मारत तर नाहीस ना, असं म्हणाला आणि हात धरून त्याला आत घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वुओंगला सकाळचा पहिला वाडगा दिला होता. तो घरी जाऊन झोपला, आणि तिकडे दहा वाजता किन्ह पातेल्याशीच कोसळला.

संध्याकाळी वुओंग कामावर गेला तेव्हा किन्ह तिथं आलेला होता. त्यानं एकट्यानं त्याला आंघोळ घातली. मदतीला आलेल्या सोबत्याला त्यानं बाहेर पाठवलं, किन्हला कुशीवर वळवायलासुद्धा हात लावू दिला नाही, आणि सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत स्वतः लावली.

पुढचं व्हायचं ते झालं. पहिलं गिऱ्हाईक कोण होतं, हे दिवस मावळायच्या आत गल्लीभर झालं. थोआताईंच्या सासूनं भर रस्त्यात छाती बडवून वुओंगच्या नावानं शंख केला. तेरा-चौदा दिवसांनी दुकान पुन्हा उघडलं तेव्हा तो सकाळी आला, म्हातारी अशुभ छाया घालवायला उंबऱ्यावर कागद पेटवून फिरवताना त्याला दिसली, आणि तो पलीकडे बदामाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. दुसरं गिऱ्हाईक खाऊन गेलं तरी हलला नाही. तेव्हा थोआताईंनी, कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधलेली, पातेल्याच्या काठावर ओगराळं दोनदा ठोकलं होतं. त्याला जेवायला बोलावणारं एवढंच दार शहरात उरलं होतं, आणि ते दोन ठोक्यांनंतरच उघडायचं. त्यानं ते मुकाट्यानं मान्य केलं.

आज थोआताई त्याच्यासमोर बसून टेबलावरचा एकच डाग फडक्यानं पुनःपुन्हा पुसत होत्या.

"तुझा काही संबंध नव्हता," त्या म्हणाल्या. "आदल्या रात्री हे रात्रभर तळमळत होते. छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणाले. मी म्हटलं अंगात वारा भरलाय. तेल लावून नाण्यानं पाठ खरवडून दिली. दवाखान्यात चला असं नाही म्हटलं मी. लग्नाची मोठी ऑर्डर होती ना दुसऱ्या दिवशी. सकाळी तसेच उठून पातेल्याशी उभे राहिले, आणि मी राहू दिलं." त्या थांबल्या. फडकंही थांबलं. "लोक तुझं नाव घ्यायला लागले तेव्हा मी गप्प बसले. तुझं नाव निघालं नसतं, तर माझं निघालं असतं."

वुओंगनं काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"आंघोळ मीच घातली ना दादांना. पाठीवर लाल पट्टे होते, मानेपासून कमरेपर्यंत. ताजे. छातीला तेलाचा वास येत होता."

मागे लुआची सुरी थांबली होती की चालू होती, हे वुओंगला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

"सतरा वर्षं तुला माहीत होतं," थोआताई अगदी हळू म्हणाल्या. "आणि तू त्या झाडाखाली उभा राहिलास?"

"मी बोललो असतो तर तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला घरात ठेवलं असतं का?" वुओंग म्हणाला. "पदरात बारा वर्षांचं पोर होतं तुमच्या. माझं काय, एकटा जीव. मला तशीही कोण भवानीला बसवणार होतं."

थोआताई रडल्या नाहीत. त्या उठल्या, त्याच्यापुढचा वाडगा उचलला, गार झाला म्हणाल्या, आणि दुसरा भरून आणला. "शनिवारी," त्या म्हणाल्या. "साडेसहाला. आला नाहीस तर शटर उघडणार नाही मी."

त्या दिवशी घरी जाताना वुओंगला स्वतःचाच राग आला. या बाईनं सतरा वर्षं आपल्या डोक्यावर मरण ठेवलं, आणि आपल्याला साधा संताप येऊ नये? त्यानं संताप आणून पाहिला. आला नाही. आलं ते भलतंच. तो बाजारात थांबला आणि त्यानं नवा सदरा घेतला, फिकट निळा. दुकानदारानं विचारलं, घरात लग्न आहे का? वुओंग म्हणाला, तसंच समजा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला सर्वांसमक्ष, मुहूर्तावर, पहिलं बोलावलं होतं. शेवटच्या दिवशी बोलावलं असतं तर त्यात काय, बंद होणाऱ्या दुकानाचं कोण काय वाकडं करणार? हिनं पहिल्या दिवशी बोलावलं होतं. हाच विचार तो चार दिवस उलटूनपालटून करत राहिला.

शुक्रवारची रात्रपाळी त्यानं बदलून घेतली. शवघरातून थेट तिथं जायचं नव्हतं. शनिवारी पहाटे पपनसाच्या पानांच्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली, निळा सदरा घातला, गळ्यात जुना करडा मफलर गुंडाळला आणि सव्वासहाला बाजाराच्या कोपऱ्यावर पोचला. पोचला आणि पाय अडले. नव्या दुकानासमोर झाड नव्हतं. विजेचा खांब होता. तो त्या खांबाशी जाऊन उभा राहिला. सवयच तशी झालेली.

दाराशी लाल फुलांच्या परड्या होत्या. साडेसहा झाले, शटर वर गेलं, पातेल्यातून वाफांचे लोट येत होते. सगळ्यांत आधी पोस्टातला म्हातारा सायकल लावून निघाला, तर थोआताईंनी दारातच हात आडवा केला. अजून उकळी नाही आली म्हणाल्या. म्हातारा म्हणाला, अहो बाई, झाकण उडायच्या बेतात आहे तुमचं. त्या म्हणाल्या, पातेलं माझं की तुमचं? म्हातारा पुटपुटत बाजूला झाला. मग दोन शिक्षिका आल्या, भाजीवाली आली, नवराबायको आले. सगळ्यांना तेच उत्तर. पायरीखाली बारा-पंधरा माणसं जमली, घड्याळं बघायला लागली, आणि थोआताई त्यांच्या डोक्यांवरून रस्त्यापलीकडच्या खांबाकडे बघत होत्या. त्यांच्यामागे लुआ उभी होती, एक हात पोटावर.

वुओंगनं तो हात पाहिला. परत फिरावं असं त्याला खरोखर वाटलं. पण तिकडे ती बाई दुखऱ्या गुडघ्यांवर ताठ उभी होती, त्याच्यासाठी गिऱ्हाइकं परतवून लावत होती, आणि त्याचा जीव, खरं सांगायचं तर, त्या वाडग्यासाठी आसुसला होता. तो रस्ता ओलांडून गेला. लोकांनी वाट दिली. कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागलं. थोआताईंनी त्याला पातेल्यासमोरच्या पहिल्या टेबलावर बसवलं आणि वाडगा स्वतः भरला. लुआनं तो दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला. "घ्या, काका," ती म्हणाली. वर पाहिलं नाही.

पहिल्या वाडग्याची चव निराळी असते म्हणतात. तसं काही नसतं. रस्सा तोच, शेवया त्याच, कांदा तोच. फक्त वाफेनं असेल किंवा कशानं, वुओंगला समोरचं नीट दिसेना. त्यानं भराभरा खाल्लं, कारण लोक खोळंबले होते. तळाचा थेंबही ठेवला नाही. कोरी नोट ठेवून उठला. थोआताईंनी मान हलवली, त्यानंही हलवली, आणि तो पायरी उतरल्याबरोबर सगळी माणसं आत लोटली.

भाजीबाजाराच्या वळणापर्यंत तो अगदी हलका चालत होता. तिथं वारा मानेला लागला आणि लक्षात आलं की मफलर स्टुलावर राहिला. तो परत फिरला.

कोबीच्या हातगाडीपाशी त्याचे पाय थांबले. आत सगळी टेबलं भरली होती, सगळ्यांच्या माना वाडग्यांत होत्या. आणि बाहेर, पायरीवर, थोआताई उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या हातात पेटलेला कागद होता. तो त्या उंबऱ्यावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होत्या. बाईमाणसाची छाया घालवायला नऊ वेळा फिरवतात, पुरुषाची घालवायला सात वेळा. वुओंगनं मोजलं. सात झाले. ओठ हलत होते, आणि ते काय म्हणतात हे ऐकू यायची गरज नव्हती. चांगलं असेल ते राहो, वाईट असेल ते जावो. लुआ आत वाडगे भरत होती. तिला हे माहीतही नसावं.

त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हेच, की ह्यांचे गुडघे वाकत नाहीत, ह्या खाली बसल्या कशा? मग बाकीचं सगळं आलं, आणि ते एवढं आलं की त्याला गाडीची कड धरावी लागली. थोआताई खोटं बोलल्या नव्हत्या. बोलावलं तेव्हा मनापासूनच बोलावलं होतं. आणि हेही मनापासूनच चाललं होतं. लुआच्या पोटातल्या जिवासाठी. दोन्ही एकाच बाईच्या हातून, अर्ध्या तासाच्या अंतरानं. यात कुणावर रागवायचं?

कागद विझला. थोआताईंनी राख हातानं गोळा केली, दाराची चौकट धरली आणि उठायला लागल्या. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. कुणीतरी हात द्यायला हवा होता. वुओंग कोबीच्या आड उभा राहिला, त्या आत जाईपर्यंत. मग मफलर न घेता घरी गेला.

रविवारी सकाळी तो रात्रपाळीहून आला आणि विजेच्या खांबाशी उभा राहिला.

पातेल्यामागून थोआताईंना तो दिसला. त्यांचा हात थांबला. त्या ये म्हणून खूण करतील असं वाटलं, पण नाही केली, त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तो खांबाशी का उभा आहे, हे त्यांना कळायला तेवढाच वेळ लागला. पोस्टातला म्हातारा आत गेला, बसला, खाल्लं, पैसे दिले, सायकलवर बसून गेला. ओगराळं वाजलं नाही. भाजीवालीही खाऊन गेली. ओगराळं थोआताईंच्या हातात तसंच होतं, पातेल्याच्या काठापासून वीतभर वर.

मग वुओंगनंच खांबाशी उभ्या उभ्या हात वर केला आणि मान हलवली. वाजवा, ताई.

दोन ठोके पडले.

तो रस्ता ओलांडून आत गेला. नव्या दुकानातही भांडी घासायची जागा मागेच होती, आणि तिच्याशेजारी एक बुटकं स्टूल. त्यावर त्याचा मफलर होता, धुऊन, घडी करून ठेवलेला. तो गळ्यात घालून वुओंग बसला. थोआताई वाडगा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. "वुओंग," त्या म्हणाल्या, आणि वाडगा त्याच्यापुढे ठेवला.

"बसा जरा, ताई," तो म्हणाला. "काल फार ताण पडला गुडघ्यांवर."

थोआताईंनी तोंडाला पदर लावावा तसं खांद्यावरचं फडकं लावलं. वुओंगनं काड्या पुसल्या आणि खायला सुरुवात केली. वाडग्यात कांदा नेहमीपेक्षा जास्त होता.